सुप्रीम कोर्टात एसएलपी (अपिलाच्या परवानगीचा अर्ज) करावी का? आईच्या शेतजमिनीतल्या हिश्शासाठी सल्ला हवा

सुगरणखोपा
नमस्कार. आजोबांची 12 एकर वडिलोपार्जित जमीन. दोन मामा आणि आई, एवढेच वारस. आजी आजोबांच्या आधीच गेली. आजोबा 1998 मध्ये वारले. आईने 2012 मध्ये वाटपाचा दावा लावला. मामांचं म्हणणं, 1978 लाच तोंडी वाटणी झाली, आजोबा आणि ते दोघे असे 4-4 एकर, आणि त्याचा फेरफार (तलाठी दप्तरातली नोंद) आहे. खालच्या कोर्टाने ते मानलं, जिल्हा कोर्टाने मानलं, आणि आता हायकोर्टाने सेकंड अपील दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच फेटाळलं. आईला फक्त आजोबांच्या 4 एकरातला तिसरा हिस्सा, म्हणजे एकर तेरा गुंठे. वाटणी झालीच नाही असं ठरलं असतं तर पूर्ण 4 एकर.
निकालाला 38 दिवस झाले. आमचे वकील म्हणतात, "दिल्लीला जाऊ, तिथे नक्की न्याय मिळेल." आई म्हणते, आता पुरे. मी मध्ये लटकले आहे. आणखी एक, 1978 ला धाकटा मामा नववीत होता! हे कोणी बघितलंच नाही. दिल्लीतले चांगले वकील कसे शोधायचे, खर्च किती, कोणी केलं असेल तर सांगा.

पाटीपेन्सिल
वाचते आहे. आमच्याकडेही असंच चालू आहे, फक्त आत्या विरुद्ध बाबा.

काळाकोट
"नक्की न्याय मिळेल" म्हणणाऱ्या वकिलांना आधी चहा पाजा आणि मग दुसरं मत घ्या.
एसएलपी, म्हणजे स्पेशल लीव्ह पिटिशन, हे तिसरं अपील नव्हे. घटनेच्या कलम 136 खाली तुम्ही कोर्टाकडे अपिलाची *परवानगी* मागता. ती द्यायची की नाही, हा सर्वस्वी त्यांचा अधिकार. 1950 च्या प्रीतम सिंग खटल्यापासून कोर्ट हेच सांगत आलं आहे की हा अधिकार जपून, अपवाद म्हणूनच वापरायचा. हायकोर्ट चुकलं एवढं पुरत नाही. कायद्याचा कुठला प्रश्न चुकीचा सुटला, ते दाखवावं लागतं.
त्यामुळे मामा नववीत होता हा मुद्दा मनातून काढा. ती वस्तुस्थिती झाली. तीन कोर्टांनी एकच निष्कर्ष काढल्यावर सुप्रीम कोर्ट पुरावा नव्याने तोलायला बसत नाही. शिवाय अल्पवयीन मुलाच्या वतीने पालक वाटणीत असू शकतो, तेव्हा त्यात फारसं काही निघणार नाही.
पण तुमच्याकडे दुसरा मुद्दा आहे आणि तो माझ्या मते दमदार आहे. 11 ऑगस्ट 2020 चा विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा तीन न्यायमूर्तींचा निकाल. मुलगी जन्मानेच सहदायाद (वडिलोपार्जित मालमत्तेत वाटेकरी), 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली तेव्हा, वडील हयात असण्याची गरज नाही, हा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्याच निकालात पुढे तोंडी वाटणीबद्दल लिहिलं आहे, ते कोणी वाचत नाही. तोंडी वाटणीचा बचाव सहजासहजी मान्य करायचा नाही. अपवादात्मक प्रकरणातच, तेही सार्वजनिक दस्तांचा आधार असेल आणि वाटणी कोर्टाच्या हुकूमनाम्याने झाली असावी तितकी पक्की शाबीत होत असेल तरच. नुसत्या तोंडी पुराव्यावर तर नाहीच. आता तुमच्या हायकोर्टाच्या निकालात हे शोधा: ही कसोटी लावली आहे, की "फेरफार आहे, सबब वाटणी शाबीत" एवढ्यावर सोडून दिलं आहे?

सुगरणखोपा
आत्ता परत वाचला. निकाल सात पानांचा. विनीता शर्माचं नाव एकदा येतं, पण फक्त "मुलीला हक्क आहे" एवढ्यापुरतं. वाटणीबद्दल एकच परिच्छेद, त्यात फेरफार आणि दोन साक्षीदार. कसोटीबद्दल काही नाही.

काळाकोट
मग तुमची एसएलपी त्या एका परिच्छेदावर उभी आहे. बाकी सहा पानांवर वेळ घालवू नका.

नाठाळ
एक भाबडी शंका. आईंचं लग्न कधी झालं? महाराष्ट्रात 1994 चा कायदा होता ना, 22 जून 1994 आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नाही म्हणणारा?

सुगरणखोपा
1986. पण 2005 च्या दुरुस्तीत लग्नाची अट नाही असं आमचे वकील म्हणाले.

काळाकोट
बरोबर म्हणाले. निदान तेवढं.

दिल्लीकर_मावशी
ताई, मी वकील नाही, पण दीराच्या नोकरीच्या केससाठी हे सगळं निस्तरलं आहे, म्हणून व्यवहाराचं सांगते.
सुप्रीम कोर्टात आपल्या वतीने अर्ज फक्त अॅडव्होकेट ऑन रेकॉर्ड, म्हणजे एओआर दाखल करू शकतो. त्याची कोर्टाचीच परीक्षा असते, आणि ऑफिस कोर्टापासून 16 किलोमीटरच्या आत लागतं. यादी कोर्टाच्या वेबसाइटवर आहे. तुमचे गावाकडचे वकील कितीही हुशार असले तरी एओआर लागणारच, सिनियर वकीलसुद्धा एओआरशिवाय उभा राहू शकत नाही. काही जण नुसती सही विकतात, त्यांच्यापासून लांब राहा. ओळखायचं सोपं आहे: पहिल्या बोलण्यात तो निकालाची प्रत मागतो की फी सांगतो ते बघा. आम्हाला पहिल्याने फी सांगितली, दुसऱ्याने "आधी निकाल पाठवा, दोन दिवसांत लेखी मत देतो" म्हटलं. आम्ही दुसऱ्याकडे गेलो.
फी तुकड्यातुकड्यात विचारा. ड्राफ्टिंग, फायलिंग, भाषांतर, डिफेक्ट (कोर्टाने दाखवलेल्या त्रुटी) दूर करणं, दर हजेरी, सगळं वेगवेगळं लावतात आणि आपल्याला वाटतं एकदाच दिले. सिनियर नेमायचा आग्रह झाला तर थांबा, पहिल्या तारखेला दाखल करण्यावर बोलायला मिळतात ती मोजकी मिनिटं, त्यासाठी सिनियरचा आकडा लाखांत जाऊ शकतो. आणि हो, प्रवासाचा खर्च धरू नका, ऑनलाइन हजेरी चालते. मी तरी हौसेने एकदा जाऊन आले. मेट्रो स्टेशनचं नावच आता सुप्रीम कोर्ट आहे, पूर्वीचं प्रगती मैदान.

पाटीपेन्सिल
खर्चाचं फार वाटत असेल तर: विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. सुप्रीम कोर्टाची स्वतःची विधी सेवा समिती आहे. अर्जदार आई आहे, तेव्हा ती पात्र आहे. मिळणारा वकील कसा निघेल हे नशीब, पण अर्ज करायला काय जातं.

नाठाळ
आईंनी स्वतःच बाजू मांडली तर? पार्टी इन पर्सन असतं ना.

काळाकोट
असतं. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो, रजिस्ट्रार बोलून बघतात की या व्यक्तीला बाजू मांडता येईल का, आणि कामकाज इंग्रजीत. मुदतीच्या आत हे जमवण्याची हौस करू नका.
मुदतीवरून आठवलं. हायकोर्टाच्या निकालापासून 90 दिवस. नकलेसाठी अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंतचे दिवस त्यातून वजा होतात. प्रमाणित प्रतीच्या मागे शिक्का असतो, त्यावर दोन्ही तारखा असतात, बघून घ्या. उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण तो पहिल्याच पानावर माफी मागत आत शिरण्यासारखा प्रकार. जमेल तितकं टाळा.
आणि खालच्या कोर्टात नसलेला नवा कागद घुसवता येत नाही. त्यासाठी वेगळी परवानगी. मामांनी कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका असा अर्ज) टाकली आहे का तेही एओआरला बघायला सांगा, टाकली असेल तर ते पहिल्याच दिवशी समोर उभे असतील. जमीन विकायच्या हालचाली चालल्या असतील तर स्थगितीचा अर्ज सोबतच जोडा.

सुगरणखोपा
आईची खरी भीती वेगळी आहे. ती म्हणते, एका शब्दात फेटाळलं तर मामा गावभर सांगणार, "सुप्रीम कोर्टानेच सांगितलं वाटणी झाली म्हणून."

काळाकोट
गावात काय सांगतील त्याला इलाज नाही. पण कायद्यात तसं नाही. कारण न देता एसएलपी फेटाळली तर हायकोर्टाचा निकाल सुप्रीम कोर्टाच्या निकालात विलीन होत नाही, फक्त परवानगी नाकारली एवढाच अर्थ. कुन्हयम्मद विरुद्ध केरळ, 2000. त्यानंतरही हायकोर्टात पुनर्विलोकन मागता येतं, निघेल की नाही तो भाग वेगळा. आईंना हे सांगा.

सुगरणखोपा
तीन आठवड्यांनी लिहिते आहे. आई तयार झाली. एओआर मिळाले, लेखी मत दोन पानांचं दिलं, त्यात स्पष्ट लिहिलं की शक्यता कमी आहे पण मुद्दा खरा आहे. गंमत म्हणजे त्यामुळेच आईचा विश्वास बसला.
आता एक प्रसंग सांगते. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर दिल्लीतून करून आलं. मी ते आईला मराठीत परत सांगत होते. निशाणी (पुराव्याचा कागद) 41, तोच 1978 चा फेरफार. भाषांतरात "मालकीप्रमाणे नोंद" अशा अर्थाचं वाक्य. आई म्हणाली, "मालकी कुठे लिहिलीय? माझ्यासमोर वाचला होता तलाठ्याने." मूळ कागद काढला. तिथे आहे, "सोयीसाठी वहिवाटीप्रमाणे नोंद केली." वहिवाट! म्हणजे कोण कुठलं शेत कसतं, एवढंच.

काळाकोट
आईंना माझा नमस्कार सांगा. भाषांतर बदलून घ्या, आणि लिस्ट ऑफ डेट्समध्ये (अर्जातल्या तारीखवार घटनाक्रमात) 1978 पुढे हेच वाक्य अवतरणात येऊ द्या. मुद्द्यांमध्येही वर आणा. सोयीसाठी केलेली वहिवाटीची नोंद म्हणजे हुकूमनाम्याच्या तोडीचा पुरावा नव्हे, हे सांगायला याहून चांगलं वाक्य तुम्हाला लिहूनही मिळालं नसतं.

दिल्लीकर_मावशी
वहिवाट या शब्दाला इंग्रजीत धड शब्दच नाही ग. एखादी तळटीप घालायला सांग.

सुगरणखोपा
दाखल केलं, डायरी नंबर मिळाला. रजिस्ट्रीने तीन डिफेक्ट काढलेत, 28 दिवसांत दूर करायचे. दोन किरकोळ. तिसरा: पान 64 अस्पष्ट, टाइप केलेली प्रत जोडा. पान 64 म्हणजे तोच फेरफार. आई भिंगातून एकेक शब्द सांगते आहे, मी टाइप करते आहे.