तणं मोजण्यात आयुष्य घालवायचं?

पेठेतला_पाव्हणा:
काल इथं एकानं लिहिलं, की चेक प्रजासत्ताकातले वनस्पतिशास्त्रज्ञ पेत्र पिशेक यांनी परकी झाडं जगभर कशी पसरली याचा अभ्यास करण्यात हयात घालवली, आपल्या विद्यापीठातल्या पोरांनीही तसलंच करावं. डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर. 2015 साली पिशेक ज्यात होते त्या टीमनं 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं, की माणसाच्या हातून परमुलखात जाऊन रुळलेल्या वनस्पतींच्या 13,168 जाती आहेत. बरं, मग? मोजून एक तरी रोप उपटलं? माझा पुतण्या बॉटनीत एमएस्सी करून चार वर्षं तासिका तत्त्वावर राबतोय. त्याला सांगू, बाळा, गाजरगवत मोज? आणि परकी म्हणजे काय ओ? तांबड्या रश्श्यातली मिरची पोर्तुगिजांनी आणली. तीपण उपटा!

रानवाटा:
मिरची बांधावरनं उठून राधानगरीच्या जंगलात शिरत नाही, घाणेरी शिरते. पिशेक, रिचर्डसन वगैरे शास्त्रज्ञांनी 2000 साली हेच शब्दांत बसवलं: आलेलं वेगळं, रुळलेलं वेगळं, माजलेलं वेगळं. पोस्ट टाकायच्या आधी एवढं तरी वाचायचं.

मिसळ_कट्टा:
मिरची परकी?? संकेश्वरी आमच्या आजीच्या आजीपासून आहे.

रानवाटा:
आजीच्या आजीच्याही आधी तिखटाला मिरी होती. 'मिरची' हे नाव तिच्यावरनंच पडलंय.

मिसळ_कट्टा:
असू दे. आता चटणीत नुसती ब्याडगी ढकलतात, रंग लालभडक आणि तिखटाच्या नावानं बोंब. त्यावर कोण करिअर करतंय का?

गगनबावडा_एसटी:
कटातला बटाटा आणि टोमॅटोपण तिकडचेच. मिसळच बंद करा राव.

मिसळ_कट्टा:
कोल्हापुरात राहून मिसळ बंद करा म्हणतोस? पुण्याचा आहेस काय?

भांगलणकरी:
जरा थांबा की. आमच्या अण्णांनी तीस वर्षं उसात गाजरगवत भांगललं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी काळी पडून तडकली, पापण्या सुजायच्या. रात्री खाजवून अंथरुणाला रक्त. डॉक्टर म्हणाले, रानात जाऊ नका. शेतकऱ्याला! म्हशीनं ते खाल्लं की दूध कडू व्हायचं, डेअरीवरनं कॅन परत. अमेरिकेच्या गव्हातनं आलं म्हणे.

रानवाटा:
पुण्यात 1955च्या सुमारास नजरेत भरलं, म्हणून खापर गव्हावर फुटलं. हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात, भारतातलेच एकोणिसाव्या शतकातले नमुने निघालेत. कुणीतरी वाळवून, तारीख घालून ठेवले म्हणून कळलं. आणि मूळ मुलूख कळला तरच तिथला शत्रू शोधता येतो. 1984 साली बंगळूरला सोडलेला, गाजरगवत खाणारा मेक्सिकोतला भुंगेरा असाच आणला.

भांगलणकरी:
तो पट्ट्यांचा? पावसाळ्यात पानं चाळणी करतो, मग मातीत जाऊन झोपतो. सरकारी नोकर वाटतोय.

पेठेतला_पाव्हणा:
भुंगेऱ्याचं मान्य. अण्णांचं वाचून गप्प बसलो, खोटं कशाला बोलू. पण रंकाळ्यात जलपर्णी माजली तेव्हा ती काढायला माणसं आणि मशीनच लागली, यादी नाही.

रानवाटा:
काढायची कधी, बी धरायच्या आधी की नंतर, हे मशीन सांगतं काय?

पेठेतला_पाव्हणा:
बरं बाबा, तुम्ही शहाणे! पुतण्याला हा धागा दाखवला. तो म्हणाला, "काका, विषय आवडतोय, पण पीएचडी होईपर्यंत खोलीचं भाडं कोण भरणार?" कुणाकडं उत्तर असेल तर द्या. मिरचीवाल्यांनी नको.

मिसळ_कट्टा:
मिरचीवाल्यांनी का नको?