कागदी रणगाड्यांच्या पांढऱ्या कडा

टेबलावर छोटे सैनिक मांडून खेळायच्या युद्धखेळासाठी छापील कागद कापून, चिकटवून केलेला रणगाडा दोन डावांत पिचकतो आणि त्याच्या कापलेल्या कडा पांढऱ्या दिसतात, अशी तक्रार असते. दोन्हींवर इलाज आहे. २८ मिमी उंचीच्या मापाच्या खेळण्यातल्या सैनिकांशेजारी ठेवायच्या वाहनाला २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) आसपासचा कार्डपेपर पुरतो. खरी ताकद येते ती आत आडव्या चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांमुळे. मग वरून हात पडला तरी सांगाडा बसत नाही. घडी घालण्याआधी मोजपट्टी धरून संपलेल्या रिफिलने रेघ दाबून घ्या, नाहीतर छपाईचा थर तडकतो. कडा मात्र चिकटवण्यापूर्वीच मार्करने रंगवायच्या. इंकजेटची छपाई असेल तर कापण्याआधी मॅट वार्निशचा फवारा माराच, कारण ओल्या गोंदाने शाई पसरते.

खरी कसोटी तोफेच्या नळीची. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा आणि जिकडे सहज वळतो तिकडेच गुंडाळा. उलट गुंडाळलात तर नळीवर चुण्या पडतात, मग काही केल्या जात नाहीत.

आणि कागद म्हणजे तडजोड, हे मला अजिबात पटत नाही. वॉरहॅमर ४०,००० या प्रसिद्ध युद्धखेळाच्या १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या खोक्यात ऑर्क नावाच्या राक्षसी सैन्याचा ड्रेडनॉट, म्हणजे चालतं युद्धयंत्र, पुठ्ठ्याचाच होता!