तासावर मोजला जाणारा भत्ता 'दैनिक' कसा?

अनुवादक: अमेरिकी वैमानिकांच्या सेवाकरारातल्या 'पर डिएम'ला (लॅटिनमध्ये 'दर दिवशी') 'दैनिक भत्ता' लिहिलं, तर तपासनिसांनी ते खोडलं. करारात दर तासाचा आहे. तळावर, म्हणजे वैमानिकाच्या नेमणुकीच्या विमानतळावर, हजेरी लागल्यापासून तळावरच सुटका होईपर्यंतचा प्रत्येक तास धरायचा, हॉटेलातल्या झोपेचासुद्धा. उदाहरणार्थ सोमवारी सकाळी ६ला हजेरी आणि बुधवारी संध्याकाळी ६:३०ला सुटका, म्हणजे ६०.५ तास. ताशी अडीच डॉलर धरले तर १५१.२५ डॉलर. यात 'दैनिक' काय उरलं? 'प्रवासखर्च' चालेल का?

हिशेबनीस: नाही चालणार. खोली आणि विमानतळावरून हॉटेलात नेणारी गाडी यांचे पैसे कंपनी परस्पर भरते. ही रक्कम जेवणखाण आणि किरकोळ खर्चापुरती असते. शिवाय 'खर्च' म्हटलं की पावत्या आल्या. इथे पावत्या लागत नाहीत, उरलेलं वैमानिकाचंच. परतीच्या विमानाला चार तास उशीर झाला तर चार तासांचे पैसे वाढतात. म्हणून 'भत्ता'च हवा.

भाषाशुद्धी: मग 'निर्वाहभत्ता' लिहा. अर्थ नेमका आहे.

हिशेबनीस: अहो, निर्वाहभत्ता निलंबित कर्मचाऱ्याला मिळतो! वैमानिकाला घरी बसवलंय असंच वाचणाऱ्याला वाटेल.

जुनी दप्तरं: 'खुराकी' हा तयार शब्द असताना नवे कशाला घडवायचे? अन्नासाठी दिलेले पैसे, एवढाच त्याचा अर्थ.

भाषाशुद्धी: तो फारसी. 'अन्नभत्ता' म्हणा.

जुनी दप्तरं: त्यात अन्न दोनदा येतं. संस्कृत 'भक्त', प्राकृत 'भत्त', त्यातून आपला भात आणि भत्ताही. कंपनी सरकारच्या फौजेतला 'बत्ता' हाच. बंगालचा गव्हर्नर क्लाइव्हने १७६६ मध्ये बंगालमधला दुहेरी भत्ता बंद केला, तेव्हा गोऱ्या अधिकाऱ्यांनी एकजुटीने राजीनामे पुढे केले होते.

व्युत्पत्ती: भाताबद्दल वाद नाही, भत्त्याबद्दल आहे. इंग्रजांनी 'भत्ता' आणि नाणी बदलताना कापला जाणारा 'बट्टा' दोन्ही एकाच स्पेलिंगने लिहिले. जुन्या कागदात 'बत्ता' दिसला की तो जेवणाचाच, असं धरता येत नाही.

करसल्लागार: मूळ प्रश्नाकडे येऊ. अमेरिकी करात 'दैनिक'ला अर्थ आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून वाहतूक क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांसाठी जेवण आणि किरकोळ खर्चाची करमुक्त मर्यादा देशात दिवसाला ८० डॉलर, देशाबाहेर ८६. ताशी अडीच म्हणजे दिवसाचे ६०, मर्यादेच्या आत. पण करमुक्तीसाठी मुक्कामी विश्रांती लागेल अशी फेरी हवी. त्याच दिवशी तळावर परतलं तर तो भत्ता करपात्र ठरतो. करारात मुक्कामी फेरी आणि त्याच दिवशीची फेरी यांची कलमं वेगळी असतील, तर एकाच शब्दाने भागणार नाही.

हिशेबनीस: आणि आपल्याकडच्या १९६१च्या आयकर कायद्याखालच्या नियमांत वाहतूक कर्मचाऱ्यांच्या भत्त्याला ७० टक्के किंवा महिना १०,००० रुपये, यांतलं कमी असेल तेवढी सूट होती. अट अशी की त्याला दैनिक भत्ता मिळत नसावा. म्हणजे इथल्या वाचकाला 'दैनिक भत्ता' हा वेगळाच प्रकार वाटू शकतो.

अनुवादक: 'मुक्कामभत्ता' केला तर?

करसल्लागार: त्याच दिवशी परतणाऱ्याला कुठला मुक्काम?

जुनी दप्तरं: म्हणूनच खुराकी. त्याला दिवस लागत नाही, रात्रही नाही.

भाषाशुद्धी: पण कराराच्या भाषेत खुराकी? पैलवानाची वाटेल.