उथळ सॉकेट की आखूड सॉकेट?

तर्जुमा
हत्यारांच्या पेटीबरोबर द्यायचं माहितीपत्रक मराठीत करतेय. कोणत्या खणात काय ठेवावं, सॉकेट (नटावर बसवून फिरवायच्या पोकळ लोखंडी टोप्या) कशी लावावीत, रॅचेट (ती फिरवायचं हँडल) कुठे, एवढाच विषय. पण एका वाक्यावर गाडी अडली आहे. सॉकेट 'शॅलो' आणि 'डीप' अशी दोन प्रकारची असतात. पेटीचे वरचे खणही 'शॅलो' असतात, त्यामुळे डीप सॉकेट तिथे उभी मावत नाहीत. मी लिहिलं, "खोल सॉकेट उथळ खणात उभी राहत नाहीत." संपादकांनी 'उथळ'वर लाल रेघ मारली. म्हणे पाणी उथळ असतं, माणूस उथळ असतो, खण कसा उथळ असेल? त्यांची सूचना 'कमी खोलीचा खण'. ते वाचून मला भाड्याची जाहिरात वाटली.

दुसरी अडचण 'ड्राइव्ह', म्हणजे सॉकेटला हँडल जिथे जोडतात त्या टोकाचं माप. "१० मिमी सॉकेट, ३/८ इंच ड्राइव्ह" हे मराठीत कसं लिहायचं? चालक? चालन?

वंगण
सॉकेट कोण म्हणतं? गोटी. आखूड गोटी, लांब गोटी. आणि ३/८ म्हणजे तीन सूत. इंचाचे आठ सूत, त्यातले तीन. पाव इंची म्हणजे दोन सुती, अर्धा इंची म्हणजे चार सुती. "तीन सुती हँडलची दहाची गोटी दे" म्हटलं की पोरगं बरोबर तीच आणून देतं. झालं तुमचं भाषांतर.

शुद्धमती
गोटी भरीव आणि वाटोळी असते. हे पोकळ आहे, आतून षटकोनी आहे. पोकळ वस्तूला गोटी म्हणायचं ही निव्वळ सोय झाली. आपल्याकडे 'खोबण' असा देखणा शब्द आहे. डोळ्याची खोबण म्हणतोच ना आपण? तिथेही इंग्रजीत सॉकेटच आहे.

अर्धवट इंजिनिअर
शुद्धमतीताई, पेटीच्या खणात फोम घालतात आणि त्यात प्रत्येक सॉकेटच्या मापाची जागा कोरतात. त्या जागेला आम्ही खोबण म्हणतो. तुमच्या हिशोबाने "प्रत्येक खोबण आपापल्या खोबणीत ठेवावी" असं छापावं लागेल.

शुद्धमती
त्या जागेला 'खाच' म्हणा.

अर्धवट इंजिनिअर
खाच कडेला पडते. ही चांगली बोटभर खोल जागा असते.

काटेकोर
वंगणभाऊंच्या लांब-आखूडबद्दल. बोलायला ठीक, पण अर्थ निसटतो. डीप सॉकेटचं काम लांबीमुळे नाही, आतल्या पोकळीमुळे होतं. नटाच्या बाहेर आट्यांचा दांडा बराच आलेला असला, तर साधं सॉकेट त्या दांड्याच्या टोकावर टेकतं आणि नटापर्यंत पोचतच नाही. डीप सॉकेट तो दांडा पोटात घेतं. नुसती लांबीच हवी असेल तर साध्या सॉकेटला एक्स्टेंशन लावून मिळते, पण त्याने आतली खोली वाढत नाही. म्हणून 'खोल' हाच शब्द बरोबर, आणि खोलच्या विरुद्ध उथळ. उथळ ताट चालतं, मग उथळ खण का चालू नये? संपादकांना म्हणावं, 'उथळ पाण्याला खळखळाट फार' ही म्हण जरा बाजूला ठेवा.

वंगण
कामावर कोणी भोकात डोकावून नाव ठेवत नाही. खणात दोन्ही शेजारी उभ्या केल्या की एक उंच दिसते, एक बुटकी. डोळ्याला जे दिसतं तेच तोंडात येतं.

काटेकोर
म्हणजे आता उंच-बुटकी. मघाशी लांब-आखूड होती.

वंगण
आडवी ठेवली की लांब, उभी ठेवली की उंच. यात चुकलं काय?

टिकलीताई
तर्जुमा, गोटी हा शब्द मलाही आवडला. पण अनेकवचन छापण्याआधी एकदा मोठ्याने वाचून बघ. "सर्व गोट्या मापाप्रमाणे ओळीत लावाव्यात." तुझ्या संपादकांच्या लाल रेघेची मला आत्ताच काळजी वाटतेय.

तर्जुमा
😂 वाचलं. 'गोटी पाने' असं काहीतरी करावं लागेल.

जुनाट
एक गंमत सांगतो. इंग्रजी 'सॉकेट' हा शब्द जुन्या फ्रेंच वळणाच्या 'सोकेट'वरून आला. 'सोक' म्हणजे नांगराचा फाळ, आणि सोकेट म्हणजे छोटा फाळ. फाळाच्या आकाराच्या भाल्याच्या टोकाला तो शब्द लावत. भाल्याचं पातं दांड्यावर बसवायचं तर त्याच्या बुडाशी पोकळी लागते, आणि पुढे नाव त्या पोकळीला चिकटलं असावं, असा माझा कयास. म्हणजे शुद्धमतीबाईंना अगदी मुळाशी जायचंच असेल, तर शब्द होतो 'फाळकी'.

'रॅचेट'चीही तीच कथा. फ्रेंच 'रोशे' म्हणजे बोथट टोकाचा भाला. स्पॅनर जर्मन, 'श्पानेन' म्हणजे ताणणे. जुन्या चक्राच्या बंदुकीची स्प्रिंग ताणायच्या किल्लीला स्पॅनर म्हणत. एका पेटीतले तीन शब्द, तिन्ही रणांगणावरून आलेले. त्यामुळे पेटीला 'अवजारांची' न म्हणता तर्जुमाने 'हत्यारांची' म्हटलं, ते मला फार आवडलं.

शुद्धमती
मला नाही आवडलं. हत्यारात हत्या आहे. माहितीपत्रक घरातली मुलंही वाचतील. अवजार म्हणावं.

जुनाट
बाई, हत्यारात हात आहे, हत्या नाही. शिवाय 'अवजार' तरी कुठे आपलं? तेही अरबी-फारसीकडूनच आलेलं. शुद्धच हवं असेल तर 'आयुध' घ्या, म्हणजे पुन्हा रणांगणच.

शुद्धमती
'उपकरण' आहे ना!

वंगण
हातोड्याला उपकरण म्हणणाऱ्या माणसाने हातोडा हातात धरलेला नाही.

काटेकोर
ड्राइव्हचं राहिलंच. तिथे खरा घोटाळा वेगळा आहे. सॉकेटला दोन टोकं. एका टोकाचं माप नटाच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर, ते मिमीत. दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक, त्यात हँडलचा चौकोनी खुंट जातो. मिमीच्या सॉकेटांनाही त्या खुंटाचं माप सर्रास इंचातच सांगतात: १/४, ३/८, १/२, मोठ्या कामाला ३/४ आणि १. एकाच वस्तूवर मिमी आणि इंच दोन्ही बघून वाचक गोंधळणारच. 'चालक' लिहून त्याला काय कळणार? 'चौकोन' लिहा. "१० मिमी सॉकेट, चौकोन ३/८ इंच."

अर्धवट इंजिनिअर
चौकोन चांगला आहे. खणांची वाटणीही आधी चौकोनावरून करावी, मग मापावरून. नाहीतर दोन सुती रॅचेट हातात आणि सॉकेट चार सुती, असं होतं.

तर्जुमा
'चौकोन' घेते, आभार. सूत मनात खूप आहे, पण नव्या वाचकाला कळेल का?

वंगण
नव्या वाचकाला ३/८ तरी कुठे कळतं?

टिकलीताई
मग रॅचेटला काय म्हणणार आहेस?

तर्जुमा
रॅचेटच. 'दातेरी पाना' लिहून बघितलं, पण दाते बाहेर असतील असं वाटतं.

काटेकोर
रॅचेट राहू द्या. आतल्या चक्राला दाते असतात आणि एक खिटी त्यात अडकते. एका बाजूला फिरवलं की खिटी धरते, उलट फिरवलं की दात्यांवरून कटकट घसरते. ७२ दात्यांच्या चक्राला पुढचा दाता गाठायला ५ अंश पुरतात, २४ दात्यांच्या चक्राला १५ अंश लागतात. अडचणीच्या जागी हँडल हलायला वाव नसतो, तिथे हा फरक जाणवतो. हे सगळं दोन शब्दांत कोंबायचा हट्ट कशाला?

वंगण
खिटी नाही, कुत्रा. सायकलच्या फ्रीव्हीलमध्येही तेच असतं. कुत्रे झिजले की पायडल मोकळंच फिरतं.

शुद्धमती
कुत्रा?

वंगण
धरला की सोडत नाही म्हणून.

जुनाट
वा! इंग्रजीतही असल्या पकडणाऱ्या भागाला 'डॉग' म्हणतात. आपण त्यांच्याकडून घेतला, की दोघांना स्वतंत्रपणे सुचला? मला तरी स्वतंत्र वाटतो. कुत्रा चावतो हे शोधायला साहेब कशाला लागतो?

काटेकोर
पुराव्याशिवाय स्वतंत्र म्हणू नका. कारखान्यातून उतरलेला अनुवादही असू शकतो.

मधलं बोट
मध्येच विचारतो. पाना की पान्हा? दुकानांच्या पाट्यांवर सर्रास 'पान्हे' दिसतात.

शुद्धमती
पाना. पान्हा फुटतो, तो आईला किंवा गाईला. संस्कृत 'प्रस्नव'वरून आलेला शब्द. लोखंडाला पान्हा फुटत नाही.

मधलं बोट
आणि पाना कुठून आला?

वंगण
स्पॅनरचा 'स' गळला.

टिकलीताई
मला तर तो पानावरून वाटतो. फिक्स पान्याचं टोक बघा, देठ आणि वर पसरलेलं पान.

काटेकोर
दोन्ही ऐकायला छान. पुरावा एकाचाही नाही.

टिकलीताई
काटेकोर, तुम्हाला पुराव्याशिवाय झोप तरी येते का?

अर्धवट इंजिनिअर
तर्जुमा, शब्द राहू देत, मजकुरात एक गोष्ट तपास. जड सॉकेट आणि मोठी रॅचेट खालच्या खणात ठेवा, आणि भरलेले दोन-तीन खण एकदम उघडू नका, हे आहे ना? पेटी पुढे कलंडते.

तर्जुमा
आहे. पण तिथे "वरच्या खणात हलकी हत्यारं रचावीत" असं लिहिलंय मी.

टिकलीताई
रचावीत नको. रचतात ते एकावर एक. वह्या रचतात, विटा रचतात. सॉकेट लावतात.

शुद्धमती
मांडावीत.

टिकलीताई
मांडतात ते दाखवायला किंवा वापरायला बाहेर काढून. खण बंद केल्यावर कसलं मांडणं?

मधलं बोट
मांडणीवर भांडी मांडलेलीच असतात की. ती काय रोज बाहेर काढतात?

टिकलीताई
मांडणीला दार नसतं.

जुनाट
हा मुद्दा बिनतोड आहे, पण 'मांडणी'वर वेगळा धागा काढा. वंगणराव, तो फ्रीव्हीलमधला एकटा असला तर 'कुत्रा' म्हणता की 'कुत्रं'?

वंगण
कुत्रा. पण एकटा कधी नसतो, निदान दोन असतात.