आठ गळे पुरतात!
चर्चच्या गायकवृंदात आठच जण असतील तर सुरांनी चर्च कसं भरणार, असं एका दादांनी विचारलंय. भरतं! इंग्लिश संगीतकार विल्यम बर्डने १५९०च्या दशकात तीन, चार आणि पाच आवाजांसाठी, म्हणजे एकाच वेळी गायच्या तितक्या वेगवेगळ्या सुरावटींसाठी, मिस्सा (कॅथलिक उपासनेतली गायनं) रचल्या. इंग्लंडमध्ये तेव्हा कॅथलिक उपासनेला बंदी, म्हणून त्या घरांतून लपूनछपून, मोजक्या गळ्यांनी गायल्या जात.

सोलापुरात आमच्या चर्चमध्ये आम्ही आठच, प्रत्येक आवाजाला दोघं. एकीने श्वास घेतला की दुसरीने सूर धरून ठेवायचा. कागदावर पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात, पण माझ्या शेजारची अल्टो (बायकांमधला खालचा आवाज गाणारी) श्वासाआधी खांदा किंचित उचलते, मी तेच बघते. मराठी ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं मात्र पेटी-तबल्यावर सगळ्यांनी एका सुरात म्हणावीत. चार आवाज चढवले की शब्द बुडतात. आणि गायकांना मानधन द्याच, आठवड्याला तीन तालमी असतात.