वडील पॅरालिसिसचे, भाऊ दिव्यांग: चोवीस तासाची बाई ठेवावी की केअर सेंटर? बघताना नेमकं काय बघायचं?

पाचोरेकर_सुरत
नमस्कार मंडळी. मी मूळचा पाचोरा तालुक्यातला, नोकरीमुळे सुरतला असतो. नानांना (वय ७४) पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू पूर्ण गेली, बोललेलं अर्धवट कळतं. घरी आई आणि धाकटा भाऊ. भाऊ ३६ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग आहे, फिटच्या गोळ्या चालू आहेत, अंघोळ जेवण सगळं आईच्याच हातून. आजवर आईने दोघांचं केलं पण आता तिचे गुडघे गेलेत, नानांना कुशीवर वळवणं तिला एकटीला जमत नाही. सुरतला आणावं तर माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि नाना डाव्या हाताने नाही नाही करतात, गाव सोडायला तयार नाहीत.

जळगावला एक केअर सेंटर बघून आलो, नाव घेत नाही. फरशी चकाचक, कॅमेरे लावलेले, पण हॉलमध्ये तीसेक माणसं आणि रात्रीला एकच मावशी. विचारलं तर म्हणे रात्री सगळे झोपलेलेच असतात. इकडे एजन्सीवाला म्हणतो चोवीस तासाची बाई देतो, नानांचं करेल, भावाचं करेल, वरून स्वयंपाक पण करेल. एक माणूस एवढं कसं करेल हे मला कळत नाहीये. आश्रमात टाकलं तर लोक काय म्हणतील असं सांगणारे नातेवाईक भरपूर आहेत, ते मला नकोय, ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी प्लीज सांगा.

जळगावची_ताई
भाऊ मी हेच काम करते, एजन्सीमार्फत, म्हणून स्पष्ट लिहिते. चोवीस तासाची बाई म्हणजे काय तर पेशंटच्या खोलीत खाली सतरंजी टाकून झोपायचं, रात्रीतून चार वेळा उठायचं आणि सकाळी सहाला परत कामाला लागायचं, दुपारी डोळा लागला की घरचे म्हणतात बाई झोपाच काढते. तुम्ही जे पैसे देता ते सगळे आमच्या हातात येत नाहीत, एजन्सी आपलं कापून घेते, किती कापते ते तुम्हालाही सांगत नाही आणि आम्हालाही नाही. सुट्टी मागितली की म्हणतात बदली बाई नाहीये. मुलाच्या शाळेचा कार्यक्रम असो की घरात कोणी आजारी असो, उत्तर तेच.

काम ठरतं एक आणि होतं दुसरंच. आधी म्हणतात फक्त आजोबांचं करायचं, मग हळूहळू भांडी, मग पोळ्या, मग पाहुण्यांचा चहा. पेशंट जड असला तर उचलायला घरातलं कोणी पुढे येत नाही, आणि आमची कंबर गेली की औषधाचा खर्च आमचाच. हातमोजे पण कितीतरी घरात आम्हीच आणतो. पेशंट चिडतो, मारतो, शिव्या देतो, ते आम्ही धरत नाही, आजारात माणूस तसं करतो. पण घरातल्या धडधाकट माणसाची नजर वाईट असली तर रात्री अकराला बाईने जायचं कुठे? एजन्सी म्हणते सांभाळून घे.

तुम्हाला खरंच नीट व्हावं असं वाटत असेल तर बारा-बारा तासाच्या दोन बाया ठेवा. महाग पडेल मला माहितीये. पण नाना आणि भाऊ दोघांचं एकाच बाईच्या गळ्यात मारू नका, आणि स्वयंपाकाला वेगळी बाई बघा, ती गावातच मिळेल.

सिस्टर_धुळे
ताईंशी पूर्ण सहमत. मी वॉर्डात बरीच वर्षं काढलीत, आता घरी जाऊन ड्रेसिंग करते. एकाच कुशीवर पडून पडून पाठीला जखम झाली की सगळे बाईला धरतात. पण ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस दर दोन तासाला बदलावी लागते, रात्री पण, आणि हे एकटी बाई महिनोन् महिने करूच शकत नाही. मला तरी ते लबाडीपेक्षा अपुऱ्या झोपेचं दुखणं जास्त वाटतं.

जागा लक्षात ठेवा, माकडहाड, टाचा, खुब्याची हाडं, घोटे. लालसर डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही म्हणून हात लावून बघायचं, आजूबाजूपेक्षा गरम किंवा कडक लागतं का. त्या जागेला तेल लावून चोळायचं नाही आणि मधे भोक असलेली रबराची रिंग पण ठेवायची नाही, दोन्हीने नुकसानच होतं. टाचा गादीला टेकू देऊ नका, पोटरीखाली उशी ठेवा म्हणजे टाच अधांतरी राहते.

एअर बेड (पंपाने हवा भरत राहणारी गादी) घ्या, पण तो आणला म्हणून कूस बदलणं थांबत नाही. दुसरं म्हणजे तो लाइटवर चालतो, आणि गावाकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा इन्व्हर्टरला जोडता येईल का ते आधी बघा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात रेक्झिनच्या गादीवर माणूस घामाने भिजून राहतो आणि कातडी सोलवटते. वर सुती चादर पाहिजेच, दुहेरी. आणि पाणी. म्हातारी माणसं तहान सांगत नाहीत आणि तुमच्या नानांना तर सांगताच येत नाही, म्हणून लघवीचा रंग बघत जा, गडद पिवळी झाली की समजा पाणी कमी पडतंय.

भरवताना मात्र घाई नको. पूर्ण बसवून, छोटे घास, घास गिळला की नाही बघून मग पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि पॅरालिसिसच्या पेशंटला तो फार वाईट पडतो. लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून कधीच ओढू नका, खांदा निखळतो. ही गोष्ट घरचेच जास्त करतात, मायेपोटी.

अमळनेर_टू_मेलबर्न
मी इथे ऑस्ट्रेलियात एजेड केअरमध्ये, म्हणजे वृद्धांच्या सेवा केंद्रात काम करते, माहेर अमळनेरचं. इथे पण पूर्वी सगळं छान नव्हतं, वृद्धांचे इतके हाल बाहेर आले की २०१८ मध्ये रॉयल कमिशन, म्हणजे सरकारी चौकशी आयोग बसवावा लागला, त्याचा शेवटचा रिपोर्ट २०२१ च्या मार्चमध्ये आला. त्यानंतर मिनिटं ठरवून दिली. ऑक्टोबर २०२४ पासून दर रहिवाशामागे दिवसाला सरासरी २१५ मिनिटांची प्रत्यक्ष सेवा, त्यातली ४४ मिनिटं रजिस्टर्ड नर्सची. चोवीस तास नर्स हजर असण्याचा नियम जुलै २०२३ पासून आहे. त्याच वर्षी ३० जूनपासून आमचे पगार १५ टक्क्यांनी वाढवले, कारण पगार कमी म्हणून माणसं टिकत नव्हती आणि माणसं टिकत नाहीत म्हणून सेवा बिघडत होती. अजूनही कमी माणसांत शिफ्ट ओढावी लागते कधी कधी, तक्रारी आहेतच.

आता तुमच्या त्या हॉलचा हिशोब करा. तीस माणसं, एक मावशी, बारा तासाची रात्र म्हणजे ७२० मिनिटं. एकेकाच्या वाट्याला आली २४ मिनिटं, आणि त्यात मावशीने पाणी प्यायलं नाही, बाथरूमला गेली नाही असं धरलंय. कूस बदलून ओलं आहे का बघायला एकाला पाच मिनिटं धरली आणि त्यातल्या निम्म्याच लोकांना गरज असली तरी एक फेरी सव्वा तासाची, मधे कोणी पडलं, कोणाला उलटी झाली की संपलं. आणि जड माणूस वळवायला खरं तर दोघी लागतात. ती मावशी कितीही मायाळू असली तरी हे गणित सुटत नाही, मग तिला सोपा पडतो तो एकच मार्ग, संध्याकाळीच डायपर बांधायचा आणि सकाळीच उघडायचा. म्हणून कुठेही गेलात तर पहिला प्रश्न हाच विचारा की रात्री दोन वाजता किती माणसं ड्युटीवर असतात, आणि जमलं तर रात्रीच जाऊन बघा. दुसरा प्रश्न मालकाला नाही, मावशीला विचारा, किती दिवसांपासून आहात इथे? दर दोन महिन्यांनी माणसं बदलत असतील तर तिथे ठेवू नका.

तापीकाठ
कायद्याचं थोडं सांगतो. दिव्यांगांसाठी चालवलेल्या संस्थेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार नोंदणी प्रमाणपत्र लागतंच, भावासाठी कुठली संस्था बघितलीत तर ते मागा, दाखवायला का कू केलं तर पुढे बोलूच नका. वृद्धांच्या खाजगी सेंटरबाबत मात्र मोठी पोकळी आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलं होतं, त्यात केअर होम आणि घरी बाई पुरवणाऱ्या एजन्सी दोघांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवायची तरतूद होती. ते पास झालंच नाही. एवढी गरजेची गोष्ट अशी राहून जावी याचा मला मनापासून राग येतो, कारण त्याचे चटके एका बाजूला नानांसारख्यांना बसतात आणि दुसऱ्या बाजूला ताईंसारख्यांना.

भावासाठी अजून दोन गोष्टी. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, बौद्धिक दिव्यांग त्यात बसतात. आणि तो १८ च्या वर आहे म्हणून त्याचं कायदेशीर पालकत्व घेऊन ठेवा, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती ते देते. आई आहे तोवर निकड वाटत नाही, पण हे काम आत्ताच करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ हेल्पलाइन आहे, फुकट आहे, कुठल्या सेंटरमध्ये हाल होताना दिसले तर तिथे सांगता येतं.

ताई तुमच्यासाठी पण, ई-श्रमवर (असंघटित कामगारांसाठीचं सरकारी पोर्टल) नोंदणी केली नसेल तर करा. आणि त्या वाईट नजरेच्या प्रकाराबद्दल, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक तक्रार समिती आहे, घरकाम करणाऱ्या बाईला तिथे तक्रार करता येते, एजन्सीची परवानगी लागत नाही.

पाचोरेकर_सुरत
सगळ्यांचे मनापासून आभार. मिनिटांचा हिशोब वाचून ते सेंटर डोक्यातून काढलं. घरीच दोन बाया, बारा-बारा तास, आणि स्वयंपाकाला गावातली काकू, असं ठरवतोय, खर्च मी आणि बहीण वाटून घेणार. ताई, कागदावर नेमकं काय लिहू म्हणजे त्यांच्यावर अन्याय होणार नाही? आणि भाऊ नवीन माणसाला हात लावू देत नाही, त्याचं काय करायचं?

जळगावची_ताई
लिहा की काम फक्त पेशंटचं, आठवड्याला एक भरपगारी सुट्टी, पगार कुठल्या तारखेला, हातमोजे आणि साबण घरचा, दोन वेळचं जेवण आणि दिवसा बसायला पंख्याखाली जागा. एजन्सी किती कापते ते तिच्याकडून लेखी घ्या. नानांना वळवताना दुसरं कोण हात लावणार ते पण नावानिशी लिहा, शेजारचा पोरगा असेल तर त्याला पण काही द्या.

भावाचं असं करा, पहिले पंधरा दिवस आईला सोबत बसवा, बाईने नुसतं जवळ राहायचं, अंघोळ आईनेच घालायची. त्याला काय आवडतं, कशाने घाबरतो, दुखलं तर तो कसं दाखवतो हे आईकडून वहीत लिहून घ्या, कारण हे सगळं फक्त तिलाच माहिती असणार. मी एका घरी होते तिथे पोरगा दात दुखला की कान ओढायचा, मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याच वहीत फिटच्या गोळीची वेळ, नानांची कूस कधी बदलली, किती पाणी गेलं ते दोघी बायांनी लिहायचं आणि बदलताना एकमेकींना वाचून दाखवायचं. ज्या बाईला लिहिता येत नाही तिने नुसती खूण केली तरी चालेल, कामाला हुशार असते ती.