मदत हवी आहे: मासळीच्या सुरीसाठी डायमंड प्लेट कोणती?

नमस्कार मंडळी. आम्ही म्हापशाचे, घरात रोज मासळी. इसवणाचे काप करताना सुरी कातडीवरून घसरते, मधल्या काट्यापाशी तर अडतेच. जुना धारेचा दगड मधोमध खोलगट झालाय. डायमंड प्लेट (हिऱ्याचे बारीक कण बसवलेली धारेची पट्टी) तशी झिजत नाही, म्हणून तीच घ्यायची आहे.

४०० आणि १००० ग्रिटची (ग्रिट म्हणजे कणांच्या बारीकपणाचा आकडा) दुहेरी पुरेल का? सलग पृष्ठभागाची बरी की भोकांची? भोकांत लोखंडाचा कीस साठतो हे पटतं, पण सुरीचं टोक अडकेल अशी भीती वाटते. मोनोक्रिस्टलाइन (प्रत्येक कण एकसंध स्फटिकाचा असलेले) हिरे जास्त टिकतात म्हणे. पाकिटावर लिहिलेलं नसेल तर ओळखायचं कसं? गेल्या खेपेची स्वस्त प्लेट दोन महिन्यांत गुळगुळीत झाली. जोर जास्त दिला म्हणून का? वापरणाऱ्यांनी कृपया सांगा.